वलगणीचे मासे आणि खाजणाची उघाडी

मृगाचा पहिला दमदार पाऊस पडून ओढे-नाले गढूळ पाण्याने वाहू लागले म्हणजे कोकणातील खेडोपाडी रात्रीच्या वेळी बॅटऱ्या, कोयते, पाग व टोपल्या घेऊन माणसे बाहेर पडतात. वर्षभर खाडीत, डोहात किंवा तळ्याच्या गाळात राहिलेला मासा या दिवसांत प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढू लागतो. त्याच्या या चढण्यास आपल्याकडे वलगण म्हणतात. कोठे कोठे यांनाच चढणीचे मासे असेही नाव आहे. शेताच्या बांधावरून, मोरीतून, वीतभर पाण्यातून हे मासे उड्या मारीत वर जातात आणि ते पकडण्यास फारसे कौशल्यही लागत नाही. पोटात गाभोळी भरलेली असल्यामुळे त्यांस चव असते व बाजारात भावही चांगला येतो. एका रात्रीत टोपली भरते, आणि त्या टोपलीबरोबर पुढील वर्षाच्या माशांचा मोठा भागही घरी येतो, ही गोष्ट मात्र सहसा कोणी मनात आणीत नाही.

शेतीच्या पत्रिकेत माशांची चर्चा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे की, ज्या वाटेने हा मासा वर चढतो ती वाट बहुधा शेतकऱ्याच्या शेतातून जाते, आणि खाजणात तर त्या वाटेच्या दाराची किल्लीच शेतकऱ्याच्या हाती असते. समुद्रातील मासेमारीसंबंधी नियम करणे हे शासनाचे काम आहे. परंतु बांधातील उघाडी केव्हा उघडावी व केव्हा लावावी हे गावातच ठरते.

डोंगरी हे गाव मिरा-भाईंदरच्या पश्चिम टोकाकडे आहे. भाईंदर स्थानकापासून मुर्धे, राई, मोर्वा या गावांवरून रस्ता डोंगरीस येतो व पुढे उत्तनला जातो. उत्तरेस वसईची खाडी म्हणजे उल्हास नदीचे मुख, दक्षिणेस मनोरी-गोराईची खाडी आणि पश्चिमेस खुला समुद्र, अशा त्रिकोणात हा सारा प्रदेश वसलेला आहे. पूर्वी यास धारावी बेट म्हणत. येथे डोंगर, भातखाचरे, मिठागरे, कांदळवन व कोळीवाडे ही सर्व दोन-चार मैलांच्या आत एकमेकांस लागून आहेत. डोंगरउतारावरील गोडे पाणी पावसाळ्यात ओहोळांनी खाली येते, खाचरांतून झिरपते व खाजणातून खाडीस मिळते. उधाणाच्या भरतीस या किनाऱ्यावर पाणी सुमारे पाच मीटरपर्यंत चढते, त्यामुळे खाडीचे खारे पाणी तितक्याच ओढीने आत शिरू पाहते. माशांच्या दृष्टीने असा प्रदेश म्हणजे बारमाही नांदते घरच होय. गोड्या पाण्याचे, निमखाऱ्या पाण्याचे व समुद्राचे असे तिन्ही प्रकारचे मासे एकाच ओहोळाच्या लांबीत कधी ना कधी आढळतात.

या माशांची ओळख करून घेताना त्यांच्या खवल्यांपेक्षा त्यांच्या येण्याजाण्याकडे लक्ष देणे अधिक उपयोगाचे आहे. काही मासे जन्मभर गोड्या पाण्यातच राहतात. मरळ, तिचा धाकटा भाऊबंद डोक, खाचरांतील बारीक खवलीचे मासे हे त्यांपैकी होत. निवटी खाडीच्या चिखलातच बीळ करून राहते व ओहोटीला चिखलावर पळताना दिसते. ती कोठे दूर जात नाही; तिला चिखल व कांदळवन तेवढे लागते. परंतु फार मोठा वर्ग प्रवाशांचा आहे. बोय समुद्रात अंडी घालते आणि तिची पिले भरतीबरोबर खाडीत, तेथून खाजणात येऊन वाढतात. जिताड्याचीही हीच रीत आहे. अहीर तर आयुष्याची कित्येक वर्षे नदीत, विहिरीत व डोहात काढतो आणि अंडी घालण्यास मात्र खोल समुद्र गाठतो. गोड्या पाण्यातील मोठ्या जातीची कोळंबी नदीत वाढते, पण तिची पिले गोड्या पाण्यात जगत नाहीत. त्यांचे पहिले काही आठवडे निमखाऱ्या पाण्यातच जावे लागतात, म्हणून अंडी घेतलेली मादी पावसाळ्यात खाडीकडे उतरते. म्हणजे एकाच महिन्यात एकाच मोरीतून कोणी वर जात असतो व कोणी खाली येत असतो.

या प्रवाशांत आमच्या भागातील लोकांच्या सर्वाधिक जिव्हाळ्याची म्हणजे चिवणी. हा मिशांचा, बिनखवल्यांचा, शिंगाळ्याच्या जातीचा लहान मासा होय. पाठीवरील व दोन्ही कल्ल्यांमागील काटा इतका तीक्ष्ण की बोटात शिरला तर रात्रभर झोप लागत नाही. उन्हाळाभर ती खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात राहते. पहिल्या पावसाचे गोडे पाणी खाडीस मिळू लागले की तिला त्याची चाहूल लागते, आणि ती त्या पाण्याच्या मागावर ओहोळांतून खाजणातील उथळ, गवताळ पाण्यात शिरते. एका मादीच्या पोटात हजारो अंडी असतात. उथळ पाणी उबदार असते, त्यात पिलांच्या खाण्याजोगे सूक्ष्म जीव भरपूर असतात व मोठे शिकारी मासे सहसा तेथवर येत नाहीत. भाताचे खाचर हे माणसाने भातासाठी केले खरे, परंतु चिवणीच्या दृष्टीने ते उत्तम बाळंतघर आहे. मात्र तेथपर्यंत पोहोचण्यास तिला वर्षातून जेमतेम आठ-दहा दिवस मिळतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत उघाडीच्या तोंडाशी जाळे लागलेले असते.

उघाडीचा उल्लेख वारंवार येणार असल्यामुळे ती नसलेल्या भागातील वाचकांकरिता थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. खाडीकाठची सखल जमीन भाताखाली आणावयाची तर खाऱ्या पाण्यास अडविणारा मातीचा बांध घालावा लागतो. परंतु पावसाचे पाणी बाहेर जाण्यासही वाट हवी. यास्तव बांधात पक्के बांधकाम करून त्यास खाडीच्या बाजूने झडप बसवितात. भरती आली की बाहेरील पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते. ओहोटी लागली की आतील पाणी तिला ढकलून बाहेर पडते. हीच उघाडी. गोव्याच्या खाजणांत यास मानस म्हणतात, आणि तेथे मानशीवर मासे धरण्याच्या हक्काचा लिलाव करण्याची जुनी वहिवाट आहे. आपल्याकडे १९४८ साली मुंबई राज्यात खारजमिनींसंबंधी पहिला कायदा झाला व १९७९ साली महाराष्ट्राचा खारभूमी विकासाचा कायदा आला. या योजनांतून बांध व उघाड्या बांधल्या गेल्या, आणि हजारो कुटुंबांची भातशेती त्यांवर उभी आहे. तेव्हा उघाडी ही शेतकऱ्याची शत्रू नव्हे. ती नसेल तर भातही नाही.

येथे प्रस्तुत लेखकाने स्वतःची एक चूक सांगणे प्राप्त आहे. डोंगरीच्या बाजूच्या एका लहानशा खाजणात काही वर्षांपूर्वी उघाडीची लाकडी झडप कुजून गळू लागली होती. भरतीचे पाणी थोडे थोडे आत येई आणि सखल भागातील भात करपत असे. शेतकऱ्यांची तक्रार योग्यच होती. मी नवीन, घट्ट बसणारी झडप सुचविली, कडेने रबराची पट्टीही लावविली, आणि पावसाळ्याच्या सुरुवातीच्या उधाणांत ती बाहेरून साखळीने आवळून ठेवण्याचा सल्ला दिला. त्या हंगामात भात उत्तम आले, त्यामुळे मी समाधानात होतो. दुसऱ्या वर्षी भाद्रपदात त्याच बांधावर उभा असताना खाजणाच्या खोलगट भागात डासांच्या अळ्यांशिवाय काही हालताना दिसेना. जवळच बसलेले एक वृद्ध शेतकरी शांतपणे म्हणाले, “साहेब, तुम्ही खारं पाणी थांबवलंत ते बरं केलंत. पण म्हावऱ्यालाही दार लावलंत.” पूर्वी त्या खळग्यातून गणपतीच्या आगेमागे दहा-बारा घरांना कालवणापुरती बोय व चिवणी मिळे आणि उरलेली उत्तनच्या बाजारी जाई. ती गेली होती. माझ्या टिपणवहीत मात्र भाताच्या वाढीव उत्पन्नाची नोंद होती व माशांचा रकानाच नव्हता.

वाट बंद झाल्याने मासा कसा नाहीसा होतो याचे मोठे उदाहरण देशात घडलेले आहे. हिलसा हा मासा समुद्रातून गंगेत चढून शेकडो मैल आत, बक्सर व प्रयागपर्यंत जात असे. १९७५ साली फराक्का येथील बंधारा सुरू झाला आणि त्याच्या वरच्या अंगास हिलशाची मासेमारी जवळजवळ संपुष्टात आली. आपल्या पश्चिम घाटाच्या नद्यांविषयी २०११ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत गोड्या पाण्यातील सुमारे २९० जातींच्या माशांचा विचार करण्यात आला होता. त्यांतील एक-तृतीयांशाहून अधिक जाती धोक्यात असल्याचे आढळून आले. या जातींपैकी बहुसंख्य जगात अन्यत्र कोठेही नाहीत. फराक्काचा बंधारा व आमच्या खाजणातील हातभर रुंदीची झडप यांची तुलना कोणास हास्यास्पद वाटेल. परंतु कोकणात अशा झडपा, मोऱ्या व लहान बंधारे गावोगावी आहेत, आणि चिवणीस तिच्या ओहोळावरील एकच झडप पुरते.

आता उपायाकडे वळू. पहिला उपाय फुकटचा आहे. पहिल्या मोठ्या पुरापासून आठ ते दहा दिवस उघाडीच्या तोंडाशी, मोरीत किंवा ओहोळाच्या चिंचोळ्या भागात आडवे जाळे लावू नये. गळाने किंवा पागाने चार मासे धरले तर वलगण थांबत नाही. सबंध वाट अडविणारे जाळे लागले म्हणजे थांबते. उघाडीवरील मासेमारी ज्याच्याकडे असेल त्याच्याशी हा करार आधीच, वैशाखात, करून ठेवावा. पाऊस पडल्यावर सांगणे व्यर्थ, कारण त्या रात्री टोपली घेऊन निघालेल्या माणसास कोणताही अधिकारी परत फिरवू शकत नाही, हा माझा अनुभव आहे. जून-जुलैमध्ये समुद्रात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते ती याच कारणासाठी, की हा बहुतेक जातींच्या प्रजननाचा काळ असतो. खाडीच्या आतील ओहोळांस ती बंदी लागू पडत नाही. तेथे गावानेच ठरवावयाचे असते.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. चिवणी प्रवाहाविरुद्ध चढते, म्हणून ओहोटीच्या वेळी झडप उघडी असता ती आत येऊ शकते. बोय व जिताडा यांची पिले मात्र बोटाच्या पेराहून लहान असतात. ती भरतीच्या पाण्याबरोबर येतात आणि नेमकी भरतीलाच झडप मिटते. ती उचलून ठेवावी तर खारे पाणी शेतात शिरते. भातास खारेपणा किती सोसतो याचा अंदाज शेतकऱ्यास अनुभवाने असतोच. तरीही आकडा सांगावयाचा तर पाण्याची विद्युतवाहकता दोन डेसिसायमन प्रति मीटरच्या आत असेतो भाताच्या उत्पन्नास धक्का पोहोचत नाही. रोप लहान असताना आणि फुलोऱ्याच्या वेळी भात विशेष नाजूक असते. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने काढलेल्या पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ या जाती खारेपणा अधिक सोसतात, तथापि त्यांनाही मर्यादा आहेच. उल्हासच्या खाडीत वर घोडबंदरच्या पलीकडे भर श्रावणात पाणी पुष्कळ गोडे होते. डोंगरीसारख्या समुद्रालगतच्या गावी भरतीचे पाणी इतके गोडे होण्याची वाट पाहत बसणे शहाणपणाचे नाही.

अशा ठिकाणी गोव्यातील जुन्या खाजणांची रचना अनुकरणीय आहे. तेथे मानशीच्या लगत आतल्या बाजूस एक खोलगट पाणसाठा राखून ठेवलेला असतो व त्याच्या पलीकडे आतील लहान बांध घालून भातशेती अलग केलेली असते. भरतीचे थोडे पाणी आत आले तरी ते या साठ्यापर्यंतच येते. आमच्याकडील बहुतेक खाजणांत उघाडीच्या आत असा खळगा पाण्याच्या मारानेच तयार झालेला असतो. आपण तो निरुपयोगी समजून भरून काढतो. तो भरू नये. त्याच्या आतल्या कडेने दीड-दोन हात उंचीचा बांध घालून भाताकडील पाणी एका लहान मोरीने त्यात सोडावे. मग भांगाच्या लहान भरतीस झडप बोट-दोन बोटे उचलून ठेवण्यास हरकत राहत नाही. उधाणाच्या दिवसांत मात्र ती पूर्ण मिटलेलीच असावी. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर व इंग्लंडमध्ये अलीकडे मोठ्या झडपेतच एक लहान झडप बसवितात. ती भरतीच्या आरंभी उघडी राहते आणि पाणी ठरावीक उंचीस आले म्हणजे मिटते. आमच्या त्या खाजणात आम्ही साखळी काढून टाकली, रबराची पट्टी राहू दिली, व खळग्याच्या कडेने आतील बांध घातला. पहिल्या वर्षी चिवणी थोडी आली. बोय तिसऱ्या वर्षी दिसली. पूर्वीइतकी झाली असे मी म्हणणार नाही, कारण पूर्वी किती होती याची नोंद कोणी ठेवलेलीच नाही.

केरळातील पोक्कळी शेतीत जून ते ऑक्टोबर भात व नोव्हेंबर ते एप्रिल कोळंबी अशी पाळी शतकानुशतके चालत आलेली आहे. भात कापल्यावर खारे पाणी आत घेतात, पुढील पावसाने मीठ धुऊन जाते. कोकणातील खाजणातही हे होऊ शकते, असे आमच्या काही उत्साही मित्रांचे म्हणणे आहे. माझे मत थोडे सावध आहे. पोक्कळीचा प्रदेश सखल आहे, तेथे पाऊस दीर्घकाळ पडतो, आणि शेतकऱ्यांची सहमती जुनी आहे. एका शेतकऱ्याने पाणी घेतले व शेजाऱ्याची वाल-हरभऱ्याची वाफसा जमीन खारावली तर कोळंबीच्या नफ्याहून तंटा मोठा होईल. संपूर्ण खाजणाचे शेतकरी एकत्र येणार असतील तरच या वाटेस जावे.

जिताड्याविषयी वेगळे लिहिणे आवश्यक आहे, कारण त्यासारखा किमतीचा मासा खाडीत दुसरा नाही. काही भागात यास खजुरा म्हणतात. अलिबाग तालुक्यात शहापूर-धेरंड भागात घरोघरच्या तळ्यांत जिताडा पाळण्याची परंपरा प्रसिद्ध आहे. या माशाची एक विलक्षण गोष्ट अशी की तो आयुष्याच्या पहिल्या भागात नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे खाडीतील लहान व मध्यम जिताडे बहुतेक नर, आणि आठ-दहा किलोचा जो मासा पकडल्यावर सारा कोळीवाडा पाहावयास जमतो ती बहुधा मादी. आपली मोठेपणाची हौस नेमकी अंडी घालणारीवरच येऊन पडते. ऑस्ट्रेलियात बारामुंडी नावाने ओळखला जाणारा मासा जिताड्याचाच भाईबंद होय. तेथील क्वीन्सलँड राज्यात विशिष्ट लांबीहून लहान माशाप्रमाणेच विशिष्ट लांबीहून मोठा मासाही धरण्यास मनाई आहे. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली समुद्री व्यापारी माशांच्या ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली, हे पाऊल उत्तमच आहे. परंतु जिताड्याच्या बाबतीत कमाल लांबीचाही विचार व्हावा असे मला वाटते. तळ्यात सोडण्यासाठी खाडीतील पिले धरण्याची आता गरज उरलेली नाही. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी जलजीवसंवर्धन संस्थेने १९९७ साली जिताड्याचे बंदिस्त प्रजनन साध्य केले, आणि तेव्हापासून उबवणीगृहातील बीज मिळू लागले. जिताडा हा शिकारी मासा आहे. रोहू-कटल्याच्या बोटुकल्यांबरोबर त्यास सोडल्यास शेवटी तळ्यात जिताडाच तेवढा उरेल.

खाजणाच्या वरच्या अंगास, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या गोड्या पाण्याच्या तळ्यांत व डबक्यांत मरळ राहते. ती हवेतही श्वास घेऊ शकते, म्हणून उन्हाळ्यात पाणी आटून चिखल उरला तरी ती तग धरते. तिची पिले नारिंगी-तांबूस रंगाची असून ती पुंजक्याने पाण्याच्या पृष्ठभागाशी फिरतात आणि आईबाप खाली पहाऱ्यास असतात. हा लाल पुंजका दिसला की त्याखाली मोठी मरळ आहे हे मुलांनाही ठाऊक असते, व तेथेच गळ टाकला जातो. आईबाप गेले म्हणजे पिलांचा पुंजका तासाभरात बेडूक व बगळे यांच्या पोटात जातो. एक मरळ धरून शेकडो मरळी गमावण्याचा हा व्यवहार आहे. पिले काळसर होऊन पांगेपर्यंत तेथे गळ टाकू नये, एवढे पुरे. डोक तर याहून पुढे जातो. नर आपल्या तोंडातच अंडी व पिले सांभाळतो आणि त्या काळात स्वतः काही खात नाही.

तळ्यात नवीन जाती आणून सोडण्याची हौस अलीकडे वाढली आहे, तिचा विचार कडकपणे केला पाहिजे. तिलापिया, ज्यास लोक चिलापी म्हणतात, हा आफ्रिकेतील मासा १९५२ साली भारतात आणला गेला. त्या वेळी तो स्वस्त अन्न म्हणून आणला, हेतू चांगला होता. परंतु तो गोड्या व निमखाऱ्या अशा दोन्ही पाण्यांत वाढतो, मादी तोंडात पिले सांभाळते, व वर्षातून अनेकदा प्रजनन होते. त्यामुळे ज्या तळ्यात तो शिरला तेथे देशी मासे मागे पडले. आफ्रिकी मागूर, जो थाई मांगूर या नावानेही विकला जातो, त्याच्या संवर्धनास देशात बंदी आहे. तो मिळेल ते खातो आणि पावसाळी रात्री ओल्या जमिनीवरून सरपटत एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ शकतो. कोणी त्याचे बीज स्वस्तात देऊ केले तर घेऊ नये व मत्स्यव्यवसाय खात्यास कळवावे. डासांसाठी परदेशी मासे सोडण्यापूर्वीही आपल्या विहिरीत एकदा डोकावून पाहावे. कपाळावर चांदीच्या टिकलीसारखा ठिपका चमकणारा एक लहानसा देशी मासा खाचरांत व विहिरींत आढळतो. डासांच्या अळ्या खाण्याचे काम तो पिढ्यान्‌पिढ्या विनावेतन करीत आहे.

कीटकनाशकांविषयी थोडक्यात. सायपरमेथ्रीनसारखी सिंथेटिक पायरेथ्रॉइड वर्गातील औषधे माणसांस व जनावरांस तुलनेने कमी धोक्याची असली तरी माशांस अत्यंत विषारी आहेत. खाचरातील पाणी वाहते असताना किंवा पाऊस येण्याची चिन्हे असताना फवारणी करू नये, आणि पंप ओहोळात धुऊ नये. मासे धरण्यासाठी गेळ्याची फळे ठेचून टाकणे किंवा ब्लीचिंग पावडर ओतणे हे प्रकार तर गुन्हाच आहेत. पाण्यात सुरुंग लावून वा विष घालून मासे मारण्यास १८९७ सालच्या कायद्यानेच प्रतिबंध झाला आहे. विषाने डोहातील मोठ्या माशाबरोबर त्याचे अन्नही मरते, व तो डोह दोन-तीन वर्षे ओसाड राहतो.

बांधाबाहेरील कांदळवन पुष्कळ शेतकऱ्यांस अडगळ वाटते. परंतु लाटेचा मार प्रथम तेच सोसते. जेथे बांधापुढील तिवरे तोडली गेली तेथे खांड लवकर पडते, हे खाजणात काम केलेल्या कोणासही सांगावे लागत नाही. त्यांच्या मुळांच्या जाळ्यात बोय, जिताडा व कोळंबी यांची पिले आसरा घेतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ सालच्या आदेशाने कांदळवनाच्या तोडीस मनाई झालेली असून राज्याच्या वन विभागाने २०१२ साली त्यासाठी स्वतंत्र कक्ष स्थापन केला आहे. बांधाच्या डागडुजीसाठी कांदळवनाच्या पट्ट्यात माती काढावी लागेल असे वाटल्यास प्रथम परवानगीची चौकशी करावी. पुढील त्रास वाचतो.

हे सर्व केले तरी उल्हास नदीतून येणारे कारखान्यांचे व शहरांचे सांडपाणी डोंगरीच्या शेतकऱ्यास थांबविता येणार नाही, हे मला मान्य आहे. खाडीकाठचे वृद्ध कोळी पूर्वीच्या माशांची जी नावे घेतात त्यांतील काही आता जाळ्यात येतच नाहीत, आणि त्याचा दोष उघाडीवर टाकणे अन्यायाचे होईल. पण त्यांचे म्हणणे वरपर्यंत पोहोचवावयाचे तर आकडे लागतात. म्हणून प्रत्येक खाजणाच्या उघाडीवर एक नोंदवही ठेवावी, अशी माझी विनंती आहे. तिथी, भरती-ओहोटीची वेळ, पाऊस पडला की नाही, कोणता मासा आला, अंदाजे किती, पोटात गाभोळी होती काय, एवढे रकाने पुरेत. शाळेतील सातवी-आठवीचा मुलगा किंवा मुलगी हे काम उत्तम करू शकते. शास्त्रीय नाव ठाऊक नाही म्हणून अडून राहू नये. गावात जे नाव चालते तेच लिहावे. कर्नल साइक्स याने १८३९ साली दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले तेव्हा खुद्री, मुसळा, कोळस ही येथील मच्छीमारांच्या तोंडची नावेच त्याने शास्त्रीय नावांत घातली, आणि जगभरच्या ग्रंथांत ती आजही त्याच रूपात छापली जातात.

आमच्या खाजणाची वही मागील मृगापासून सुरू झाली आहे. ती झडपेशेजारच्या खोपटात, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आढ्याला टांगलेली असते. पहिल्या पानावर त्याच वृद्ध शेतकऱ्यांच्या सांगण्यावरून त्यांच्या नातीने लिहिले आहे: “रात्री पाऊस मोठा. ओहोटी. चिवणी सात, सगळ्या गाभोळीच्या. सोडल्या.”